व्याह्यांची आचारसंहिता

सिल्वासा नगरपरिषदेचे सन्माननीय सदस्य जयवंतराव बाविस्कर यांचे राष्ट्रीय राजकारणाशी असलेले नाते समजून घ्यायचे, तर त्यांचा जिना आधी समजून घ्यावा लागेल. त्यांच्या मते अन्यत्रच्या नगरसेवकाच्या डोक्यावर आमदार असतो, आमदाराच्या डोक्यावर मंत्री, मंत्र्याच्या डोक्यावर मुख्यमंत्री. दिल्लीकडे बघता बघता बिचाऱ्याची मान दुखून येते. दादरा आणि नगर हवेली हा मात्र संघप्रदेश. येथे विधानसभा नाही, आमदार नाही, मुख्यमंत्री नाही. "आमच्याकडे मधले मजलेच नाहीत," असे ते भेटेल त्याला सांगत. "तळमजला संपला की थेट गच्ची." तळमजल्यावर आपण आहोत आणि गच्चीवर देशाचे सरकार आहे, ही जाणीव त्यांच्या ठायी इतकी दृढ होती, की प्रभागातला रस्त्यावरचा दिवा गेला तरी त्यांना प्रथम केंद्राच्या ऊर्जाधोरणाचे चिंतन करावेसे वाटे. दिवा त्यानंतर लागे. पण लागे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

खानदेशातून तरुणपणी ते येथे मराठी शाळेत शिक्षक म्हणून आले आणि निवृत्तीपर्यंत नागरिकशास्त्र शिकवत राहिले. ज्या विषयाला विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हात लावत, त्या विषयावर या गृहस्थाने आयुष्यभर निर्व्याज प्रेम केले. पुढे लोकांनी त्यांना निवडून दिले, तेव्हा फळा सुटला, पण तास काही सुटला नाही.

या तासाचे सर्वांत जुने विद्यार्थिपद त्यांच्या पत्नी सुनंदाबाई यांच्याकडे होते. एकुलती एक कन्या मृणाल लग्न होऊन पुण्याला गेली होती. ती आणि जावई हर्षल दोघेही नोकरीत गुंतलेले. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या आईवडिलांना घेऊन चार दिवस कुठे तरी जायचे, एवढाच काय तो सहवास. त्या चार दिवसांसाठी जयवंतराव वर्षभर मनातल्या मनात बॅग भरत असत. लेक गाडीत पुढे बसलेली असावी, आपण मागे असावे, आणि तिने मान वळवून "पप्पा, पाणी देऊ का?" असे विचारावे, याहून मोठे तीर्थाटन त्यांना ठाऊक नव्हते.

या सुखाला एकच ग्रहण होते, आणि त्याचे नाव उदयराव चव्हाणके. हे हर्षलचे वडील. मूळचे नाशिकचे, राखोलीच्या एका सुताच्या कारखान्यात व्यवस्थापक. जयवंतराव केंद्र बलवान असावे या मताचे, तर उदयराव राज्यांना स्वायत्तता हवी या मताचे. कोण कोणत्या पक्षाला मत देई, ते सांगून वाचकांत फूट पाडण्याचे कारण नाही. दोघे एकाच पक्षाला कधीही मत देत नसत, एवढे पुरे. साखरपुड्यात सुरू झालेली ही चर्चा लग्न, दिवाळी, मकरसंक्रांत असे टप्पे घेत अखंड वाहत होती. गेल्या वर्षी द्वारकेला जाताना दोघे सुरतच्या फलाटावर चहाला उतरले, राज्यपालांच्या नेमणुकीचा विषय निघाला, आणि गाडी दोन्ही कुटुंबांना घेऊन निघून गेली. दोघे व्याही दुसऱ्या दिवशी बसने द्वारकेत पोचले, तेव्हा इतरांचे दर्शन आटोपले होते आणि राज्यपालांची नेमणूक अजून बाकी होती.

त्या दिवशी मृणालने निर्वाणीचे सांगितले. "पप्पा, आणि बाबा तुम्हीसुद्धा, ऐका. पुढच्या सहलीत पुन्हा राजकारण निघालं, तर त्यानंतर आम्ही दोघंच फिरायला जाऊ. तुम्ही घरी बसून टीव्हीशी भांडा."

उदयराव हसले. जयवंतराव हसले नाहीत. लेकीचा आवाज त्यांना ठाऊक होता.

म्हणून यंदा मे महिन्यात सापुताऱ्याला निघण्यापूर्वी रीतसर आचारसंहिता ठरली. प्रवासात राजकारणावर एक शब्दही काढायचा नाही. जयवंतरावांनी एकच दुरुस्ती सुचवली.

"संघप्रदेशात मी लोकप्रतिनिधी आहे. इथं माझं तोंड बंद करणं म्हणजे मतदारांचा अवमान आहे. हद्दीबाहेर गेलो की गप्प बसतो."

"चालेल," सुनंदाबाई म्हणाल्या. "हद्द काय, दहा-पंधरा मिनिटांत संपते."

दुरुस्ती मान्य झाली. परंतु या प्रदेशाचा नकाशा असा आहे, की सिल्वाशाहून वापीकडे निघाले की आधी नगर हवेली संपते, मग लवाछ्याला गुजरात लागतो, मग दादरा म्हणून पुन्हा संघप्रदेशच येतो, आणि त्यापुढे पुन्हा गुजरात. ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला ठाऊक होती. सुनंदाबाईंना घाईत आठवली नाही.

पिपरियाचे कारखाने मागे पडेपर्यंत दोघांनी भरपूर बोलून घेतले. लवाछे येताच सुनंदाबाईंनी "हं" एवढेच म्हटले आणि गाडी शांत झाली. मृणालने समाधानाने मागे पाहिले. तोच दादऱ्याची पाटी आली, आणि जयवंतरावांनी घसा खाकरला.

"तर मी काय म्हणत होतो, साहेब, आर्थिक वाट्याचं..."

"अहो!"

"दादरा आहे हा. दुरुस्ती वाच."

"सर, वाटा तुम्ही म्हणता तसा नसतो," उदयराव पुढे सरसावले. त्यांनीही दादऱ्याची मनातल्या मनात वाट पाहिली असावी. "कारखाना चालवायचा तर प्रत्येक खात्याला थोडा हात मोकळा लागतो. तसंच राज्याचं. आता कराचंच घ्या, त्यात मुख्य अडचण अशी आहे की..."

"संपला दादरा," सुनंदाबाई म्हणाल्या.

अडचण काय ती उदयरावांच्या ओठांवरच राहिली. व्याह्यांची पत्नी मीनाक्षीबाई सुनंदाबाईंकडे पाहून हसल्या. या दोन विहिणींचे विलक्षण सख्य होते. एकाच दुखण्याचे दोन रुग्ण दवाखान्याच्या बाकावर भेटावेत, तसे त्यांचे नाते जुळले होते.

वापी मागे पडली, धरमपूर गेले, वांसद्याच्या बाजूची सागाची झाडे लागली. आचारसंहितेचे काटेकोर पालन चालू होते. गाडीतील थंड हवा चालकाने एका जागेवरून ठरवावी, की ज्याने त्याने आपापल्या झडपेतून, यावर दोघांत बराच तात्त्विक वाद झाला. हर्षलने आरशात पाहून विचारले, "हे राजकारण आहे का?" सुनंदाबाईंनी विचार करून, नाही, असा निर्णय दिला. मग मात्र बोलायला काहीच उरले नाही. वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत आलेल्या या दोन माणसांना प्रथमच कळले, की आपल्याला दुसरा विषयच येत नाही.

आणि मोकळ्या पडलेल्या जागेत काय उगवेल, ते कोणी सांगावे?

वघईला जेवायला थांबले. थाळीत बासुंदी होती. उदयरावांनी चमचा बुडवला, वर काढला, आणि केवळ काही तरी बोलावे म्हणून बोलले, "बघा, चमचा उभा राहतो. बासुंदी अशी पाहिजे."

"म्हणजे कशी नको?" जयवंतरावांनी विचारले.

"नाही, मी सहज म्हटलं."

"सहज नाही. लग्नातल्या बासुंदीबद्दल बोलताय तुम्ही."

"आता तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो, सर. पातळ होती. आमचे नाशिकचे लोक अजून काढतात."

"पातळ का झाली, ते नाशिकच्या लोकांना सांगितलंत का? सांगितल्यापेक्षा एक अख्खी बस जास्त आली तुमची. आचाऱ्यानं दूध वाढवलं नसतं तर तुमची बस उपाशी परतली असती."

"बसचं काढू नका हं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू होता, म्हणूनच सर्वांना ऐकू आला. "त्या बसमध्ये माझा भाऊ होता. सगळ्यांना मानाची शाल मिळाली, त्याला नाही."

"शाल होती की त्यांची," सुनंदाबाई उत्तरल्या. "मी स्वतः हातात धरून उभी होते. पण ऐन वेळी भाऊसाहेब पान खायला गेले, आणि नंतर फोटोत बसायला आले."

"पान खाणं गुन्हा आहे का, ताई?"

"मी कुठं गुन्हा म्हटलं?"

हर्षलने शांत करण्यासाठी म्हटले, "आई, मामांना खरंच तंबाखूची सवय आहे." त्यावर मीनाक्षीबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की पुढचा घास त्याने न चावताच गिळला. मग सासूचे "बायकोची बाजू घेतोस" आणि सुनेचे "मी कुठे काय बोलले?" अशी दोन वाक्ये झाली, आणि थाळ्या अर्ध्या टाकून सर्वजण गाडीत बसले. सापुताऱ्याला पोचल्यावर दोन्ही विहिणी आपापल्या खोल्यांत गेल्या आणि दारे लागली. मृणालने सामान न उघडता वडिलांना सांगितले, "पप्पा, उद्या नाश्ता करून परत निघू या. बोटिंग नको, काही नको." ती रागावली असती तर त्यांना सोसले असते. ती केवळ थकली होती.

सूर्य डोंगरांआड उतरत होता, आणि जयवंतराव सज्जात एकटे बसून चिंतन करीत होते. आचारसंहितेचे कोणतेही कलम मोडलेले नव्हते, तरीही राज्य बुडाले होते. असे का व्हावे? हळूहळू त्यांच्या ध्यानात आले. राज्यपालांचा कितीही अपमान केला, तरी मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाणी येत नाही. संसदेला कितीही नावे ठेवली, तरी सुनंदा दार लावून घेत नाही. केंद्र आणि राज्ये ही फार दूर असतात आणि फार सोशीक असतात. त्यांच्यावरून दोन माणसे जन्मभर भांडू शकतात आणि एका ताटात जेवू शकतात. बासुंदी मात्र कोणाच्या तरी घरची असते. इतकी वर्षे ते आणि उदयराव देशाची चिंता वाहत होते असे त्यांना वाटत होते. वस्तुतः देशच निमूटपणे त्या दोघांचा संसार वाहत होता.

उपाय स्पष्ट होता, पण त्याला दंड होता. राजकारण निघाले तर पुढची सहल नाही, हे मृणालने सांगितलेलेच होते. न काढावे तर ही सहल गेलीच, आणि व्याह्यांशी असलेले नातेही तिच्या मागोमाग जाणार. ज्याने सबंध आयुष्य नियम पाळावेत असे शिकवले, त्याला ती रात्र जड गेली.

सकाळी नाश्त्याला सहाही जण एका टेबलावर बसले होते, कारण हॉटेलवाल्याने दुसरे टेबल दिले नाही. हर्षल मधेच उठून बॅगा दाराशी आणून ठेवत होता. उदयराव ढोकळ्याकडे पाहत होते. जयवंतरावांनी हात पुसले.

"चव्हाणकेसाहेब, मी रात्री विचार केला. मला वाटतं, देशातली सगळी राज्यं रद्द करावीत."

मृणालने बशी खाली ठेवली.

"सर," उदयराव खालच्या आवाजात म्हणाले, "आचारसंहिता."

"ठाऊक आहे. सगळे आमदार घरी पाठवायचे. मुख्यमंत्री घरी. प्रत्येक जागी संघप्रदेश. तळमजला आणि गच्ची."

उदयरावांनी बराच संयम राखला. त्यांचे कान तांबडे झाले. त्यांनी पत्नीकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि शेवटी त्यांना राहवले नाही.

"म्हणजे सबंध देशाचा सिल्वासा करायचा?"

"का? सिल्वाशात काय वाईट आहे?"

"सर, बिन मजल्यांच्या घराला गच्ची टेकते कशावर? हवेत? मीनाक्षी, ती चटणी सरकव इकडे. नाही, आता मला हे नीट सांगू द्या. ही तुमच्या जिन्याची थिअरी मी लग्नाआधीपासून ऐकतोय..."

चटणी सरकली. सुनंदाबाईंनी हटकण्यासाठी तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. त्यांनी मीनाक्षीबाईंकडे पाहिले. मीनाक्षीबाई त्यांच्याचकडे पाहत होत्या.

"झालं सुरू," सुनंदाबाई म्हणाल्या.

"आता दुपारपर्यंत नाही संपत," मीनाक्षीबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "ताई, तुम्हाला बाजारात जायचं होतं ना? त्या बांबूच्या टोपल्या बघायला?"

दोघी उठल्या. जाता जाता सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "शाल अजून कपाटात आहे हो. परत गेलो की देते." "द्या," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "पण तो पान खाऊन आला तर देऊ नका."

हर्षल दोन्ही हातांत बॅगा घेऊन बायकोकडे पाहत उभा होता. मृणालने खोलीच्या दिशेने बोट दाखवले, आणि त्याने बॅगा परत नेल्या.

दुपारी तलावात पायडलची बोट घेतली, तीत दोघे व्याही बसले. मुद्दा जड झाला की उदयराव पाय थांबवत, मुद्दा खोडायचा झाला की जयवंतराव. त्यामुळे बोट मध्यभागी गोल गोल फिरत राहिली आणि मागून शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. अखेर बोटवाल्याने दोरी टाकून त्यांना काठाला ओढून आणले. मृणालने वडिलांना उतरायला हात दिला. जयवंतरावांना आता दंडाची आठवण झाली. त्यांनी लेकीचा हात सोडला नाही.

"मी नियम मोडला," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस, पुढच्या वेळी तुम्ही दोघंच."

"म्हणाले होते." "दिवाळीनंतर कन्याकुमारी काढायची म्हणतोय हर्षल. लांबचा प्रवास आहे, पप्पा. तिथपर्यंत पुरेल का तुमचं दोघांचं? मधेच संपलं आणि बासुंदी निघाली तर मी कुठल्या स्टेशनवर उतरू?"

जयवंतरावांनी मान ताठ केली.

"राज्यसभेत आपल्या प्रदेशाला एकही जागा नाही," ते म्हणाले. "तो विषय मी अजून काढलेलाच नाही."