दोनशे चाळीस किलो

माणसाला बघताक्षणी त्याचं वजन सांगणारा, आणि वजन सोडून त्याच्याविषयी दुसरं काही विचारायला लाजणारा माणूस साऱ्या नाशकात एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले काका. जिन्यात भेटले की "कसे आहात?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. पायापासून डोक्यापर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "अठ्ठावन्न. गेल्या महिन्यात साठ होतात. डबा बंद केलाय का?" तळमजल्यावरच्या सरांना नातू झाला, तेव्हा बाळाला दोन्ही तळहातांवर घेऊन त्यांनी "तीन किलो शंभर" असं जाहीर केलं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं तीन किलो होतं. काकांनी बाळाला आशीर्वाद दिला आणि सरांना हळूच सांगितलं, "मुलगा उत्तम आहे. काटा तपासायला सांगा." सायखेड्याहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशीचं दोनशे ग्रॅमचं वजन त्यांनी पहिल्याच भेटीत खिशात घातलं होतं, कारण ते चार ग्रॅम कमी भरत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला स्वतः नवं आणून दिलं. तेव्हापासून मावशी त्यांना साहेब म्हणायची. "लय बारीक मानूस हाय," ती आम्हाला सांगायची, "पन मनात खोट नाय."

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. औरंगाबादला दिलेली मुलगी दिवाळीला आली आणि जाताना तीन फुटी काचेची टाकी घेऊन देऊन गेली. "बाबा, घरात काहीतरी हलतं-फिरतं असू दे," म्हणाली. टेम्पोवाल्यांनी टाकी वर आणून थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवली, आणि त्याच संध्याकाळी काका कागद घेऊन आमच्या दारात हजर झाले. पाणी इतकं, काच इतकी, तळाचे गोटे इतके, सगळं मिळून दोनशे चाळीस किलो. "सुपरवायझर," ते मला म्हणाले (मी सातपूरच्या एका कारखान्यात होतो, आणि काकांच्या लेखी तेच माझं नाव होतं), "एवढं ओझं पेलणारा स्टँड हवा. पण दुकानदाराच्या शब्दावर मी घेणार नाही. आधी तेवढंच वजन तासभर ठेवून बघणार." तेवढंच वजन म्हणजे काय, तेही त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. मी अठ्ठावन्न, माझी बायको बावन्न, सर चौऱ्याहत्तर आणि भाजीवाली मावशी छप्पन्न. बरोबर दोनशे चाळीस.

शनिवारी माझी सुट्टी, सरांची सकाळची शाळा, आणि मावशीची पाटी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. म्हणून साडेबाराला आम्ही चौघं वर जायचो. स्टँडवर तीन फुटांची फळी टाकलेली असे. दोघं दाराकडे तोंड करून, दोघं खिडकीकडे, पाठीला पाठ लावून आम्ही बसायचो. प्रत्येकाचा अर्धा भाग फळीवर आणि अर्धा परमेश्वराच्या हवाली. काका घड्याळ धरून भोवती फिरत. चहा तयार असायचा, पण तो उठल्यावर. मध्ये प्यायला तर वजन बदलतं. बोलायला मात्र बंदी नव्हती. पहिल्यांदा आम्ही मुकाट बसलो. मग सर शाळेतल्या गमती सांगायला लागले, मावशी लेकीसाठी बघितलेल्या स्थळांना नावं ठेवायला लागली, माझी बायको, जी घरात मला हसत नाही, ती तिथे खिडकीकडे तोंड करून मला हसायला लागली. काका बोलत नसत. फिरता फिरता ते मावशीच्या समोर थोडे जास्त रेंगाळत, कारण ती नकला करायची.

पहिला स्टँड लोखंडी अँगलचा होता. तासाने आम्ही उठलो, काकांनी गवंड्याची बुडबुड्याची पाणसळ लावली आणि म्हणाले, "मागचा डावा पाय कागदाएवढा आखूड आहे." तो परत गेला. मग भद्रकालीच्या बाजारातून जुन्या शिवणयंत्राचा बिडाचा सांगाडा आला. तो तीन शनिवार तपासून नापास झाला. मग विटांच्या दोन खांबांवर कडप्पा टाकून झाला, मग सागवानी टेबल. एकदा कंबर चोळत मावशी म्हणालीच, "साहेब, कांद्याची पाच पोती ठिवा ना वर. आमाला कशापायी बशिवता?"

"कांदा रोज वाळतो," काका म्हणाले. "आज भरला तेवढा पुढच्या आठवड्यात भरत नाही. माणसाचा भरवसा धरता येतो."

"मानूस बी वाळतो की, साहेब."

काका चहा बघायला आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

असे आठ महिने गेले. टाकी भिंतीशी कोरडी पडून होती. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं एवढं एक काम आपण कारखान्यात असून करू नये म्हणजे काय! मग मी जाड लोखंडी चॅनेल आणलं, आडव्या-तिरप्या पट्ट्या घालून जोडून घेतलं, चारही पायांना खालून फिरवायचे स्क्रू बसवले. हवा तेवढा पाय वर करा, हवा तेवढा खाली. रंगसुद्धा दोन हात दिला. शनिवारी आम्ही त्यावर बसलो. काकांनी पाणसळ चारही बाजूंनी लावली, फुंकर मारली, पुन्हा लावली. बुडबुडा मधोमध. गुडघ्यावर बसून त्यांनी एकेक सांधा बोटाने चाचपला. मी विजयी मुद्रेने विचारलं, "काय काका, पास?"

ते उभे राहिले. सगळ्यांकडे एकदा बघितलं. "पास," म्हणाले.

टाकी चढली. बादल्यांनी पाणी भरलं. आठ सोनेरी मासे आले. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि खाली आलो. त्यानंतरच्या शनिवारी साडेबाराला मी वर्तमानपत्र वाचत लोळलो. त्याच्या पुढच्याही. सर शिकवण्या घ्यायला लागले, मावशी लवकरची एसटी पकडायला लागली. सगळ्यांनाच बरं वाटलं की एक लचांड संपलं.

तीन-चार महिन्यांनी काका खाली आले. दारातच उभे राहून म्हणाले, "सुपरवायझर, स्टँड कुरकुरतोय. एकदा पाणी काढून तपासायला हवा. चौघांनाही बोलवावं म्हणतो."

मी वर गेलो, स्टँड हलवून बघितला. जागचा हलेना. "काही झालेलं नाही काका," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "लोखंड आहे, ऊन-थंडीने आवाज करतं. शंभर वर्षं बघायला नको!"

"असं होय," काका म्हणाले.

बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. "फार पक्का केलात हो तुम्ही तो," एवढंच म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. मला कळायला त्यानंतरही दोन दिवस लागले.

पुढच्या शनिवारी मी एकटाच वर गेलो. काकांनी दार उघडलं आणि घाबरले. "काय झालं? काय काम निघालं?"

"काम काही नाही. असाच आलो."

त्यांना ते समजेना. खुंटीवरचा सदरा घालून आले, खुर्ची पुसली, ती पंख्याखाली सरकवली, पुन्हा होती तिथे ठेवली. आम्ही दोघं माशांसमोर बसलो. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "साठ झालात." मी हो म्हटलं. मासे कोपऱ्यापर्यंत जात होते आणि वळत होते. काम नसताना दोन पुरुषांनी काय बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. अर्ध्या तासाने मी उठलो, तेव्हा ते जिन्यापर्यंत आले.

"बरं वाटलं," म्हणाले. मग जरा थांबून, "परत काही काम निघालं तर या."

मी "नक्की" म्हणालो. आणि खरंच मी काम निघायची वाट बघत राहिलो. एखादा नळ, एखादं कुलूप, काहीही. दिवाळीत मुलगी आली आणि त्यांना कायमचं औरंगाबादला घेऊन गेली, तोवर काही निघालं नाही.