तिसरा खांब उशिरा पेटतो

कुणी भुताखेतांचं बोललं की मी आधी वायरिंग तपासायला सांगते! माझा पेशाच तो — लाइट डिझाइनचा. त्यामुळे या सदरात कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. तरी लिहितेय, कारण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

गेल्या हिवाळ्यात लालबागच्या उड्डाणपुलाचे सात खांब आम्ही उजळवले. माझं पहिलं स्वतंत्र काम. दिवसा धुळकट, पोस्टरं चिकटवलेले खांब... आणि दिवेलागणीला एकामागून एक निळे होत जायचे, रंग धावत धावत सातव्यापर्यंत पोचायचा. काय सुंदर दिसायचं म्हणून सांगू! बसमधली माणसं मोबाइल सोडून बाहेर बघायची.

मला मात्र ते अप्पांना, माझ्या वडिलांना दाखवायचं होतं. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मंडळांच्या गणपतींची रोषणाई केली. लाकडी रूळ, त्यावर पत्र्याच्या पट्ट्या. रूळ फिरला की दिव्यांच्या माळा धावायच्या. माझ्या कॉम्प्युटरला ते हसायचे. पण शुगरने दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. उजेड-अंधारही कळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तरी चाचणीच्या संध्याकाळी त्यांना भोईवाड्याहून टॅक्सीने आणलं. समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकली आणि सांगायला लागले, "अप्पा, आता पहिला खांब..."

"गप रव गो. बघूक दी माका."

मी खांब पुन्हा पहिल्यापासून पेटवायला सांगितले.

थोड्या वेळाने अप्पा म्हणाले, "चेडवा, तुझो तिसरो खांब मागसून पेटता."

स्क्रीनवर सगळं ठीक होतं. माझ्या सहकाऱ्याने, समीरने, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं — तिसरा खरंच किंचित मागे! आम्हा डोळसांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. त्या खांबाचा कंट्रोलर बदलला आणि अप्पांना काही न सांगता परत चालू केलं.

"आता बराबर," अप्पा म्हणाले. "झ्याक केलंस गो."

मी भर फुटपाथवर रडले.

आवाजावरून ओळखलं म्हणावं, तर त्या दिव्यांना आवाज नसतो. ट्रॅफिक तर कान किटवत होतं. उष्णता म्हणावी, तर मध्ये अख्खा रस्ता. घरी जाऊन ट्यूबलाइट बंद-चालू करून पाहिली... अप्पांना काहीच कळलं नाही.

उद्घाटनाला त्यांना पुन्हा आणलं. बराच वेळ बसून होते. मग माझा हात धरून म्हणाले, "आज काय दिसणा नाय गो. तूच सांग."

मी सातही खांब सांगितले, रंगासकट.

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. पण माझं काम अप्पांनी एकदा स्वतः बघितलंय. त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.