जाळेवाल्याचे एकोणीस हंगाम

त्याला सगळे जाळेवाला म्हणत. खरं नाव होतं, पण ते कागदपत्रांपुरतं. शहराबाहेरच्या पाणथळीत त्याच्या आजाने बदकं धरली, बापाने धरली, आणि तो नीट चालायला लागला तसा जाळ्याचं दुसरं टोक धरून उभा राहू लागला. वारा कुठून येतोय, बदकं पाण्यावर उतरताना कुठे वळतात, लव्हाळ्यातून जाताना पाय उचलायचा नसतो तर सरकवायचा असतो, हे त्याला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं होतं.

तो पंचविशीत असताना पाणथळीचं अभयारण्य झालं. कुंपण आलं, फाटक आलं, पत्र्याची कचेरी आली आणि एक रखवालदार आला. आता हे संपलं, असं म्हणून बापाने जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि बाजारात हमाली धरली. जाळेवाल्याने मात्र ऐकलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत. कुंपणाला मागच्या अंगाने एक फट होती. तिच्यातून तो सहा वर्षं ये-जा करत राहिला.

एकतिसाव्या वर्षी, ऐन थंडीत, सकाळी सातच्या सुमाराला रखवालदाराने त्याला पोत्यासकट पकडलं. पोत्यात सात बदकं होती, त्यातली चार जिवंत. तो पळाला नाही. गुडघाभर चिखलात पळणार तरी कुठे? खटला उभा राहिला आणि तीन महिन्यांची कैद झाली. बायको तेव्हा एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मालकिणीने तिचं टेबल पुढच्या खिडकीपाशी होतं ते उचलून मागच्या बोळकांडीत लावलं. कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. ही गोष्ट तिने नवऱ्याला पुढे कितीतरी वर्षं सांगितली नाही.

सुटून आल्यावर तो खेळाच्या सामानाच्या कारखान्यात लागला. फुटबॉलच्या गोलाची, व्हॉलीबॉलची जाळी विणायची. गाठ त्याच्या बोटांना कुणी शिकवावी लागली नाही. तिथे त्याने अकरा वर्षं काढली. पाणथळीकडे जाणारा रस्ता कारखान्याच्या दारावरूनच जायचा, पण त्याने त्या बाजूला कधी मान वळवली नाही. रखवालदार सायकलवरून रोज त्याच रस्त्याने जायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं नव्हतं. ओळख दाखवली नाही एवढंच.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत अभयारण्याची नवी अधिकारी बाई कारखान्यात आली. तिशीची असेल. बुटांना चिखल होता. तिने काय हवंय ते उभ्याउभ्याच सांगितलं. थंडीच्या तोंडाशी लांबून लहान पक्षी पाणथळीत येतात. त्यांना बारीक धाग्याच्या जाळ्यात अलगद धरायचं, पायात आकडा कोरलेलं हलकं कडं घालायचं, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. तोच पक्षी पुढे कुठे सापडला तर तो कुठून कुठे जातो ते कळतं. रविवारी लोकांनाही बघायला बोलवायचं ठरलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात जाळं चुकीच्या जागी लागलं, पक्षी गुंतले, सोडवणाऱ्यांची बोटं थरथरली, आणि जमलेल्या लोकांच्या देखत दोन पक्षी मेले.

"तुम्हाला जाळं येतं असं कळलं," बाई म्हणाली.

"यायचं. त्याची शिक्षाही भोगून झाली."

"ते माहीत आहे. ज्यांनी तुम्हाला पकडलं त्यांनीच तुमचं नाव सुचवलं."

त्याने दाराबाहेर पाहिलं. रखवालदार रस्त्याच्या पलीकडे सायकलला टेकून उभा होता आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

जाळेवाला विचार करून सांगतो म्हणाला. बायको नको म्हणेल, मग आपल्याला नको म्हणायला बरं, असा त्याचा हिशोब. चोराच्या हाती किल्ल्या द्यायची ही कसली रीत, असंही त्याने घरी आल्यावर बोलून दाखवलं. बायको शर्टांच्या घड्या घालत होती.

"मागच्या फटीतून जात होतात तेव्हा मला विचारलं नाहीत," ती म्हणाली. "आता पुढच्या फाटकाने बोलावतायत तर विचारताय."

"लोक हसतील."

"लोक तेव्हाही हसलेच."

आणि तिने पुढचा शर्ट घेतला. कारखान्यातून दोन महिन्यांची रजा काढून तो गेला.

पहिल्या सकाळी त्याने बाईंची जाळी उतरवली आणि तासभर नुसता फिरला. जाळी उघड्यावर, उन्हात लावलेली होती. पक्ष्याला ती दिसत होती आणि वाऱ्याने ताणली जाऊन, पक्षी ज्यात पडतो ते झोळीसारखे कप्पेही सपाट झाले होते. त्याने ती बोरूच्या दोन दाट पट्ट्यांच्या मधे सावलीत नेली, कमरेइतकी खाली घेतली आणि ढिली सोडली. अर्ध्या तासात एक वटवट्या आला. अंगठ्याएवढा पक्षी, पाय, पंख, मान तिन्हीकडे धागा. जाळेवाल्याने तो कुठल्या बाजूने शिरला ते आधी पाहिलं, त्याच बाजूला उभा राहिला आणि शांतपणे मोकळा केला. आधी पाय, मग पोट, मग पंख, शेवटी डोकं. बाईंनी घड्याळ लावलं होतं. अजून चाळीस सेकंदही झाले नव्हते.

"कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"शिरला तसाच बाहेर येतो. आपण घाई करायची नाही, एवढंच."

लोकांशी बोलायचं मात्र त्याला जमत नसे. रविवारी तीस-चाळीस माणसं दोरीमागे उभी राहत आणि तो त्यांच्याकडे पाठ करून काम करी. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एका शाळकरी मुलीने मोठ्याने विचारलं, काका, तुम्ही कधी पक्षी मारलेत का. ती चुणचुणीत असेल, किंवा घरी काही ऐकलं असेल. बाई मधे पडणार तेवढ्यात तो वळला.

"हो," तो म्हणाला. "पुष्कळ. मोजले नाहीत."

मुलीने विचारलं, मग आता का सोडता. त्याने हातातली पक्षी ठेवायची कापडी पिशवी उघडली, पक्षी बाहेर काढला आणि थोडा वेळ विचार केला. मग सांगितलं की तेव्हा पक्षी हातात आला की तिथे गोष्ट संपायची; आता पुढे तो कुठे जातो ते कळतं, आणि ते कळलेलं त्याला बरं वाटतं. हे त्याचं आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली. बाईंना वाटलं, जाहिरातीमुळे आली.

रजा दोन महिन्यांची होती, पण काम वर्षभर चिकटलं आणि कारखाना मागे पडला. पक्षी धरायचा हंगाम संपला की थंडीतली मोजणी. शहरातले पन्नासेक जण पहाटे गटागटाने पाण्याकाठी पसरत आणि बदकं मोजत. मग घरट्यांचा काळ. बांधावर दोरी लावून लोकांची वाट वळवायची आणि का वळवली ते प्रत्येकाला न चिडता सांगायचं. उन्हाळ्यात कचेरीमागच्या खोलीत फाटकी जाळी दुरुस्त करायचा वर्ग. तो वर्ग त्याचा. तिथे टपाल खात्यातून निवृत्त झालेले दोघे भाऊ यायचे, एक परिचारिका यायची आणि औषधाच्या दुकानातली ताई यायची. हळूहळू यांचंच अभयारण्याचं मित्रमंडळ झालं. खोलीत पंखा होता तो नावाला. गप्पा चालत, आणि जाळेवाला फक्त "गाठ उलटी पडली" एवढं बोलायचा.

नऊ हंगाम असे गेले. नवव्याच्या शेवटी बाईंची बदली झाली आणि वरून पत्र आलं की माणसं नसल्यामुळे हंगामी कार्यक्रम बंद करण्यात येत आहेत. मित्रमंडळ त्याच खोलीत जमलं. कार्यक्रम आम्ही चालवतो, असं कळवायचं ठरलं. उत्तर तसं वाईट आलं नाही: चालवा, पण पक्षी हाताळायचा परवाना असलेला माणूस हवा. साऱ्यांनी जाळेवाल्याकडे पाहिलं. औषधवाल्या ताईने अर्ज आणला आणि भरायला बसली. चौथ्या रकान्यात विचारलं होतं, पूर्वी वन्यजीव कायद्याखाली शिक्षा झाली आहे का.

"हो लिही," जाळेवाला म्हणाला. "खोटं लिहिलंस तर तूही अडकशील."

मित्रमंडळाने अर्जासोबत पत्रं गोळा करायचं ठरवलं. एकशे साठ जमली. शाळांची, डॉक्टरांची, लॉन्ड्रीच्या मालकिणीचंसुद्धा. त्याच सुमाराला जाळेवाल्याच्या बायकोने मागच्या बोळकांडीतल्या टेबलाची गोष्ट त्याला सांगितली. त्या पत्राचं काय करायचं, असं त्याने विचारलं. राहू दे जोडलेलं, ती म्हणाली.

सगळ्यात शेवटी रखवालदार घरी आला. निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. पत्र त्याने पाकिटात आणलं होतं, पण ते दिलं नाही, आधी बसला. म्हणाला, यात एक गोष्ट लिहिली आहे ती तू इतर कुणाकडून ऐकायच्या आधी मी सांगतो.

"त्या दिवशी तुला दंडावर सोडता आलं असतं. पहिलाच गुन्हा होता. नियमात बसत होतं. मी खटला केला, कारण त्या वर्षी माझ्या नावावर एक खटला हवा होता. माझी नेमणूक कायम व्हायची होती."

खोलीत तिघंच होती. जाळेवाल्याला राग आला की नाही हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. तीन महिने, लॉन्ड्रीतली बोळकांडी आणि त्याच काळात, तो घरी नसताना, अंथरुणाला खिळून गेलेला बाप, हे सारं एका माणसाच्या नोकरीच्या कागदावर येऊन उभं राहिलं होतं. दुसरीकडे, सात बदकं पोत्यात होती हेही खरं होतं.

"झाली का कायम?" शेवटी त्याने विचारलं.

"झाली."

"मग निदान कुणाच्या तरी कामाला आलं."

बायको उठली आणि चहा ठेवायला आत गेली. तिने तीन कप आणले, पण त्या दिवशी ती रखवालदाराशी बोलली नाही. पुढेही दोन वर्षं बोलली नाही.

वरून आलेलं उत्तर अर्धवट होतं. शिक्षा ती शिक्षा, परवाना मिळणार नाही. मात्र परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येईल. म्हणजे परवाना दुसऱ्या कुणीतरी काढायचा. औषधवाली ताई तयार झाली. तिची बोटं गोळ्या मोजून सरावलेली होती आणि तिच्याकडे धीर होता. त्या थंडीत जाळी लागलीच नाहीत. परवाना असलेल्या लांबच्या एका केंद्रावर सुट्ट्यांमधे जाऊन ती शिकली, आणि घरी परतली की जाळेवाला सुताच्या गुंडीवर तिचा सराव घ्यायचा. पक्षी मुठीत धरायचा नाही, बोटांच्या पिंजऱ्यात ठेवायचा, हे त्याने तिच्याकडून इतकं घोकून घेतलं की दुकानात सुटे पैसेही ती तसेच धरू लागली, असं तिचा नवरा सांगत असे. पुढच्या वर्षी ती परीक्षा पास झाली.

त्यानंतर अजून दहा हंगाम. कागदावर ताई परवानाधारक आणि तो सहायक. तो रोज सकाळी तिच्याआधी येऊन जाळी लावायचा आणि वहीत सही ती करायची. बाहेरचे पाहुणे आले की तिलाच प्रश्न विचारत. ती म्हणे, काकांना विचारा. पाहुणे समजत, विनय असेल.

एकोणिसाव्या हंगामात त्याच्या बोटांच्या टोकांना बधिरपणा आला. बासष्ट वर्षांचा होता. थंडीमुळे असेल म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी वटवट्या काढताना बारीकसा आवाज झाला. पंख लोंबला. रविवार होता, दोरीमागे माणसं होती. पक्षी पिशवीत घालून परिचारिकेकडे दिला, पण तो दुपारपर्यंत टिकला नाही. जाळेवाल्याने स्वतः दोरीपाशी जाऊन लोकांना सांगितलं की हा पक्षी माझ्या हातून गेला. मग नळावर हात धुतले आणि ताईपाशी आला.

"आजपासून माझ्या हातात पाखरू द्यायचं नाही."

"काका, होतं कधीकधी. माझ्याकडूनही झालंय."

"तुझ्याकडून झालं तेव्हा तुझ्या बोटाला आधी कळलं होतं. माझ्या बोटाला कळलंच नाही. मला आवाजावरून कळलं."

ताईने वाद घातला नाही. मित्रमंडळाला निरोपाचा समारंभ करायचा होता. तो नको म्हणाला, आणि नको म्हणजे नकोच.

पुढच्या हंगामात तो आला. काठ्या रोवल्या, जाळी बांधून दिली आणि पक्षी यायच्या आधी निघून गेला. घरी जाऊन बसायचा, भांड्यांची जागा बदलायचा, खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा. बायकोने आता इस्त्रीचं काम सोडलं होतं. तीन आठवडे तिने हे पाहिलं.

"दिवसभर पायात पायात येता," ती म्हणाली. "तिकडे जाऊन बसा. हात चालत नसतील, तोंड तर चालतं."

दुसऱ्या दिवशी तो थांबला. ताईने त्याला जाळ्याजवळ टेकायला पाठ असलेली एक खुर्ची ठेवून दिली. नऊच्या सुमाराला एक धोबी पक्षी वाईट गुंतला. धागा जिभेमागे गेला होता. नवा शिकणारा दोनदा प्रयत्न करून थांबला. जाळेवाला खुर्चीतून पुढे झुकला, पण हात मांडीवरच ठेवले.

"चोच उघडू नकोस," त्याने सांगितलं. "पलीकडून ये. डावा पाय आधी."