पाना कुठून लावायचा?

भित्तिपत्रक वाचणाऱ्या मित्रांनो, ही आज दुपारचीच गोष्ट.

मेकॅनिकलच्या मुलांना उद्या मी कॉलेजच्या एकुलत्या एका संगणकावर पंपाची त्रिमितीय आकृती दाखवणार आहे. त्या थंडगार खोलीत बसून तीन आठवडे मी ती एकट्यानं काढली. बाहेर चपला काढाव्या लागतात, म्हणून सहकारीही तिकडे फिरकत नाहीत.

आज वर्कशॉपचे फिटर नामदेवराव यांना आग्रहानं बोलावलं आणि पडद्यावर पंप फिरवून दाखवला. त्यांनी पडद्याजवळ वाकून पंपाची मागची बाजू पाहिली.

"चित्र झकास आहे जी, सर. पण या मागच्या बोल्टाले पाना कुठून लावाचा?"

मी नीट पाहिलं. बोल्ट केसिंगला, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाला, इतका चिकटला होता की बोटही जाणार नाही.

"पोट्टे विचारतीन, तं काय सांगान?" ते हसले आणि कामाला निघून गेले.

ड्रॉइंग हॉलमध्ये आपण सगळे शेजारीशेजारी बोर्डांवर आकृत्या काढतो; तिथं ही चूक तासभरही टिकली नसती. शेजारच्या बोर्डावरून कुणीतरी डोकावून टोकलंच असतं.

बोल्ट सरकवून झाला आहे. संगणकासमोर मी आता दुसरी खुर्चीही आणून ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणी येऊन बसेल का?