मौनातली माय

आंजीजवळच्या मळ्यात निसर्गोपचार केंद्र चालवणाऱ्या एका माणसाकडे मी वर्ध्याहून ऑटोनं परदेशी पाहुणे पोचवतो. आमच्यापुढं याच्या तोंडाची टकळी थांबत नाही. पाहुणे उतरले की मात्र हा डोळे अर्धे मिटतो आणि एकेक शब्द तुपात बुडवून काढल्यासारखा सोडतो. मालिशीआधी मोबाइलवर बासरी लावतो, उदबत्ती ओवाळतो. बोटांत जोर मात्र पापड मोडण्यापुरताही नाही.

मागच्या हिवाळ्यात एक गोरा म्हातारा पाठ धरून आला. बासरी संपली तरी तो कण्हतच होता. तेवढ्यात याची माय चुलीपुढून उठून आली. गावात कोणाची कंबर लचकली की लोक तिच्याकडेच येतात. तिनं जवसाचं तेल चोळलं, अंगठा दाबला आणि म्हातारा सरळ उभा राहिला.

"माय, तू आत जाय," हा दातओठ खात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा मला विचारू लागला, त्या बाई कुठे आहेत?

"सांग त्याले, माय मौनात गेली," यानं मला सुचवलं.

मी तसंच सांगितलं. म्हाताऱ्यानं घराकडे बघून हात जोडले, आणि याला धंदा सापडला.

आता माय रोज पांढरी साडी नेसून कडुलिंबाखाली बसते. पाहुणे पाया पडतात, फोटो काढतात. कोणाच्या पाठीला हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही, असं यानं तिला बजावलंय. मी ऑटो थांबवला की ती इकडेतिकडे बघून बोटांनीच मला चहाचं विचारते. मी खाली मान घालून बॅगा उतरवतो.