शिगेझोची दोन मिनिटं

डिसेंबरातल्या त्या सकाळी सात वाजले होते. फुसाए चहाच्या पाण्यात शिजणारी भाताची पेज मंद आचेवर ठेवून परसात आली होती, आणि मी, तिची शेजारीण, कुंपणापाशी उभी राहून तिला वाळत घातलेले मुळे उतरवायला हात देत होते. आत तिचा नवरा शिगेझो उएनिशि जिभेखाली औषधाचे थेंब धरून बसला असणार, हे मला घड्याळ न बघता माहीत होतं. जूनपासून एक दिवस चुकला नव्हता. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. थाप कसली, धडकच.

"गॅसवाला असेल," फुसाए म्हणाली. "आज बायकोशी भांडून आलाय वाटतं."

शिगेझो आमच्या खोऱ्यात देवदार पाडायचा. छप्पन्न वर्षांचा, बैलासारख्या मानेचा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकोणिसाव्या वर्षी देवाची पालखी खांद्यावर असताना शेजारच्याने शिवी दिली, तर याने एका हाताने त्याचा जबडा मोडला आणि दुसऱ्या हाताने पालखी सावरत देवळापर्यंत नेली. बायकोवर मात्र कधी हात उगारला नाही. फुसाए म्हणायची, "यांचा सगळा राग झाडांवर निघतो, घरी येतात ते पेंगत."

पण चाळिशीनंतर झाडांनीच त्याला झोडायला घेतलं. फेब्रुवारीत देवदाराचे पराग पिवळ्या धुरासारखे डोंगरावरून उतरले की त्याला शिंकांचा मार बसायचा. एकामागून एक आठ-दहा, अंग दुमडून टाकणाऱ्या. नाकातून रक्त यायचं, डोळे कुणी ठोसे मारल्यासारखे सुजायचे. टोळीतले लाकूडतोडे हसायचे, "शिगेझो, ज्या झाडाच्या आजोबाला तू पाडलंस ना, ते झाड विसरलेलं नाही!"

मार्चमध्ये हसू संपलं.

फुसाएचा धाकटा भाऊ माकिओ अकरा वर्षं शिगेझोच्या जोडीला होता. त्या सकाळी त्याने सांगितलं की आपण शहरात कारखान्यात जाणार, डोंगर पुरे झाला. शिगेझो सगळ्यांसमोर ओरडला, "डोंगर सोडणाऱ्याचे पायच तोडून ठेवायला हवेत!"

तासाभराने माकिओ एका बुंध्याशी वाकून झुडपं साफ करत होता. शिगेझोच्या हातात चालू करवतीचं मशीन होतं. लागोपाठ तीन शिंका आल्या. तिसरीला मशीन उसळलं आणि माकिओच्या डाव्या नडगीतून आरपार गेलं. लाकूड कापताना आणि हाड कापताना मशीन वेगळं ओरडतं, हे टोळीला त्या दिवशी कळलं. पट्टा आवळून, फळीवर बांधून त्याला खाली आणायला दीड तास लागला. वाटेतला बर्फ लाल झाला होता. पाय गुडघ्याखाली गेला.

तिसऱ्या दिवशी शिगेझोने अंगणातल्या देवदारावर कुऱ्हाड चालवली. हा जन्मला तेव्हा बापाने लावलेलं झाड. शिंकत, शिव्या देत, तळहात फुटेपर्यंत तो घाव घालत राहिला. झाड कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलं. आतल्या तीन कोंबड्या चिरडल्या. आम्ही कोणी जवळ गेलो नाही.

पोलिसांनी अपघात लिहिला. शिगेझो नऊ वेळा इस्पितळात गेला, नऊही वेळा माकिओने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी फुसाएने नवऱ्याला इबुका डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाई म्हणाल्या, याच परागाचा अर्क रोज जिभेखाली धरायचा. आधी अगदी कमी, मग वाढवायचा. शरीर हळूहळू त्याला शत्रू समजायचं थांबतं. पण पराग उडत असताना सुरुवात करता येत नाही. जूनमध्ये या. पुढे किमान तीन वर्षं.

"तीन वर्षं? तेवढ्यात मी तुमचा अख्खा डोंगर बोडका करीन."

"आधी दोन मिनिटं तोंड बंद ठेवून दाखवा, शिगेझोसान. मग डोंगराचं बघू."

दोन मिनिटं थेंब जिभेखाली, मग गिळायचे. पुढची पाच मिनिटं पाणीसुद्धा नाही. आधी नि नंतर दोन-दोन तास अंगमेहनत नाही. सुरुवातीला त्याचं तोंड खाजायचं, कान आतून पेटायचे, तो मुठी आवळून बसायचा. टोळीच्या मुकादमाने शब्द दिला होता, "फेब्रुवारी शिंकेशिवाय काढ, मशीन परत देतो." त्या एका शब्दावर शिगेझो जगत होता. डोंगराशिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

हाच शब्द फिरत फिरत माकिओच्या कानावर गेला, आणि डिसेंबरातल्या त्या सकाळी दारावर धडकला तो माकिओ होता, हातात कोयता घेऊन. आत काय झालं ते दोघांनी नंतर वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण ते जुळतं.

माकिओ बूट न काढता आत आला. नकली पायाचाही बूट चटईवर वाजला. शिगेझो मांडी घालून बसला होता. समोर औषधाची रिकामी कुपी आणि स्वयंपाकघरातलं मिनिटांचं घड्याळ.

"मला पाय नाही, आणि तू पुन्हा मशीन धरणार? एकदाच विचारतो, दाजी. शिंक होती की हात होता?"

शिगेझोने ओठांवर बोट ठेवलं. तोंडात औषध आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"मी गप्प बसू? मी?"

आमच्या डोंगरात झाड पाडण्याआधी वरचा माणूस खालच्याला नावाने हाक मारतो, आणि खालच्याने ओ द्यायचीच. ज्याने तीन हाकांना ओ दिली नाही, तो मेला तरी आहे, नाहीतर त्याने तुला मेलेलं धरलंय. माकिओने तशाच तीन हाका मारल्या.

"शिगेझो! शिगेझो! शिगेझो!"

एवढंच आम्हाला परसात ऐकू आलं. फुसाएच्या हातातले मुळे खाली पडले.

कोयत्याची बोथट बाजू तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज आला. शिगेझो भिंतीवर आपटला, कागदी दार फाडून अर्धा बाहेर पडला, पण ओठ उघडले नाहीत. रक्त ओठांच्या फटीतून हनुवटीवर आलं. माकिओने कॉलर धरून त्याला वर ओढलं आणि पुन्हा मारलं, या वेळी मुठीने. ज्याने एका शिवीसाठी जबडा मोडला होता, त्याने हात मांडीवरून उचलला नाही. आम्ही दारात पोचलो तेव्हा तिसऱ्यांदा हात वर गेला होता.

"माकिओ! अरे मुडद्या, त्यांच्या तोंडात औषध आहे!" फुसाए किंचाळली.

घड्याळ वाजलं. शिगेझोने थेंब गिळले, रक्तासकट. मग दाताचा तुकडा हातात थुंकला.

"शिंक होती," तो म्हणाला. "पाय तोडायला हवेत म्हणालो, ते मात्र मनापासून म्हणालो होतो. ते शिंकेवर ढकलत नाही."

माकिओ कोयत्याकडे बघत राहिला. "थुंकायचंस ना ते! मी मारून टाकलं असतं तुला."

"थुंकलं असतं तर आजचा दिवस गेला असता."

फुसाएनेच गाडी काढली. एक पुढे रक्ताळलेला टॉवेल तोंडाशी धरून, एक मागे नकली पाय लांब करून. मी मध्ये बादली घेऊन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं काय झालं, तर शिगेझो म्हणाला, "पडलो."

"मी मारलं," माकिओ म्हणाला.

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि टाके घालायला घेतले. जखम पूर्ण भरेपर्यंत थेंब बंद, त्या म्हणाल्या. आणि या फेब्रुवारीची खात्री आता देता येत नाही.

शिगेझोने मान हलवली. मुकादमाचा शब्द गेला, हे दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांना कळलं. सगळ्यात आधी माकिओला. बराच वेळ तो कोयता धरलेल्या हाताचा अंगठा चोळत बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, काय करू सांग."

शिगेझोचे ओठ सुजून भाकरीएवढे झाले होते. एकेक शब्द त्याने सावकाश काढला.

"थेंब पुन्हा सुरू झाले की सकाळी सातला येत जा. दोन मिनिटं माझ्यासमोर बस. घड्याळ वाजेपर्यंत काही विचारू नकोस."