वॉरंटीतला उंदीर

माझ्या थोरल्या मामांइतका खिडकीला चिकटून उभा राहणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. खिडकी म्हणजे घराची नव्हे, सरकारी कचेरीची, बँकेची, एसटीच्या पासाची, शाळेच्या कार्यालयाची. जिच्या पलीकडे खुर्ची असते आणि अलीकडे आपण असतो, ती. सिद्धगडाच्या पायथ्याशी भातशेती करणाऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसाला खिडकीपलीकडून "उद्या या" असं कुणी म्हटलं, की ते अतिशय नम्रपणे "बरं" म्हणत आणि तिथेच, पायरीवर, उकिडवे बसत. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत, साहेबाला भेटायची धमकी नाही. नुसतं बसणं. येणारा-जाणारा विचारी, "काय काका, काय झालं?" आणि मामा प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगत. माझे वडील मी लहान असतानाच गेले; माझ्या जातीच्या दाखल्याच्या वेळी आजोबांचं नाव जुन्या कागदात वेगळं निघालं, तेव्हा मामा शहापूरच्या कचेरीत असे तीन दिवस बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आतला कारकून स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, "काका, तुमची गोष्ट आता माझ्या शिपायालाही पाठ झाली. द्या तो कागद इकडे." दाखला मिळाला, मला कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी झालो. पुढच्या आठवड्यात मामा त्याच कारकुनाला वालाच्या शेंगांची पिशवी देऊन आले. याबाबत त्यांचा नियम पक्का होता : "कामाच्या आधी नेली तर ती लाच. काम झाल्यावर नेली तर ती भाजी."

दुसरी सवय कागद मोठ्याने वाचून घेण्याची. मामांना वाचता येत नव्हतं असं नाही. सावकाश, बोट ठेवून ते वाचत. पण कुणी कागद पुढे केला, की ते खिसे चाचपून "चष्मा घरी रायला" म्हणत आणि समोरच्यालाच वाचायला लावत. "मनातल्या मनात वाचलेला कागद कुणाला बांधत नाय," असं त्यांचं म्हणणं. खताच्या दुकानदाराकडून त्यांनी आख्खी गोण वाचून घेतली होती, खाली छापलेल्या कारखान्याच्या पत्त्यासकट. माझ्या लग्नात मांडववाल्याने करारावर अंगठा नाहीतर सही द्या म्हटलं, तेव्हा दोन्हीकडची वऱ्हाडी माणसं जमवून त्यांनी तो कागद मांडवातच वाचायला लावला. त्यामुळे "वारा-वादळाने मांडव पडल्यास जबाबदारी घेणार नाही" हे वाक्य माझ्या सासूबाईंच्या कानावर अक्षता पडायच्या आधीच पडलं. सासूबाईंनी आभाळाकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. माझी शरमेने मान खाली जाण्याचे असे प्रसंग मोजायला बसलो, तर शाळेची सगळी वर्षं त्यात संपतील.

आणि तिसरी सवय, कुठलीही वस्तू बैलासारखी पारखण्याची. म्हशाच्या गुरांच्या जत्रेला ते वर्षानुवर्षं जात आले. तिथे साधी घोंगडी घ्यायची तरी अर्धा दिवस लावत, एकेक धागा ओढून बघत. बैलाचे दात बघणं, त्याला चार पावलं चालवणं आणि मग विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून "खोड काय ती आताच सांग" असं विचारणं, ही त्यांची रीत. मी शहापूरच्या शाळेत मास्तर झालो, बायकोला दिवस गेले आणि कर्ज काढून आम्ही छोटी पांढरी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मामा शोरूममध्ये आले. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडायला लावलं आणि टाय लावलेल्या विक्रेत्याला विचारलं, "हिची खोड काय?"

तो हसून म्हणाला, "काका, नव्या गाडीला खोड नसते."

"नसते ना? मंग वॉरंटी कशाला देता?"

विक्रेत्याचं हसू तिथेच थांबलं. मी मामांना बाहेर नेलं आणि उसाचा रस पाजला.

सहा महिन्यांनी खोड निघाली. मुरबाडहून शहापूरला येताना गाडीने दोन आचके दिले, समोर पिवळा दिवा लागला आणि ती बंद पडली. मोठ्या रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरची माणसं ती ओढून घेऊन गेली. तिथे माझ्यापुढे एक छापील कागद आला, बारीक इंग्रजीत. मी सही केली. दोन दिवसांनी तिथल्या एका बाईचा फोन आला. उंदराने वायर कुरतडली आहे, हे बाहेरचं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. सबब वायरिंगचा खर्च तुमचा, आणि बिघाड शोधून काढल्याचे अडीच हजार वेगळे. सगळी मिळून जी रक्कम फोनवर ऐकली, ती जवळजवळ तेवढीच होती, जेवढी आम्ही बाळंतपणासाठी बाजूला ठेवली होती. बायकोला सातवा महिना होता. तरीही खरं सांगतो, मी पैसे भरणार होतो. ती बाई इतकं गोड आणि सराईत बोलत होती, आणि माझी सही तिच्याकडे होती. मामांना मी फोन केला तो तक्रार करायला नव्हे, या रविवारी गाडी घेऊन येणार नाही एवढंच कळवायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाचून सही केलीस?"

"इंग्रजीत होता कागद," मी म्हणालो.

"बरा. उद्या येतो."

ते सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचा महाल. आत गारवा, सोफे, कॉफीचं यंत्र, भिंतीवर टीव्ही. मामांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. "मामा, इथे नाही काढायच्या," मी कुजबुजलो. "फरशी बघ, ताटासारखी हाय," म्हणाले आणि अनवाणीच आत गेले. सोफ्यांवरच्या चार लोकांनी आधी त्यांच्या टोपीकडे, मग पायांकडे बघितलं. फोनवरच्या त्याच मॅडम टेबलापाशी होत्या. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, तितक्याच गोडीने. "काका, सरांनी सही केलीये ना. वॉरंटीत येत नसेल तर डायग्नोसिसचा चार्ज लागतोच."

"बरा. वायर दाखव गो बाय."

"वर्कशॉपमध्ये कस्टमरला अलाउड नाही, काका."

"नाय तर नाय," मामा म्हणाले. "बसतो."

आणि सोफा सोडून तिच्या टेबलाशेजारी उकिडवे बसले. पुढे काय होणार हे मला माहीत होतं. गाडी घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काका, काय झालं?" मामांनी सांगितलं. मग त्या गृहस्थांच्या बायकोने विचारलं. तिलाही सांगितलं, पहिल्यापासून. पाऊण तासात सोफ्यावरची सगळी मंडळी उंदरावर मतं देऊ लागली होती, आणि एकाने स्वतःचं बिल काढून वाचायला घेतलं होतं. तेवढ्यात मॅनेजर आले. माणूस सभ्य होता. "चला काका, मीच दाखवतो," म्हणाले आणि आम्हाला मागे घेऊन गेले.

पण गाडीपाशी जाऊन त्यांनी वायर दाखवायच्या आधी डिकी उघडली. "हे बघा. तुमच्या गाडीत भाताचे दाणे आहेत. असं धान्य पडलं असेल तर उंदीर येणारच ना?"

ते दाणे मामांचेच होते. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडून दोन गोणी भात गिरणीवर वाहून घेतलं होतं. मी कुरकुर केली, तर म्हणाले होते, "बैलाला पयल्या दिवशीच ओझं दाखवाचं, म्हंजे त्याला आपला काम कळतं." गोण शिवणीत उसवली होती. आता निदान मामांनी गप्प बसावं, असं मनात म्हणतोय तोच ते मोठ्याने म्हणाले, "भात माझा. मीच भरला. दोन गोणी."

मॅनेजरांनी माझ्याकडे दयेने बघितलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मामा डिकीत अर्धे वाकले होते आणि चटईच्या कडेतून एकेक दाणा वेचून तळहातावर घेत होते. पंधरा-वीस जमल्यावर त्यांनी हात मॅनेजरांच्या नाकाखाली धरला.

"सायेब, हे आख्खं हाय का फोडलेलं?"

"आख्खे आहेत."

"उंदीर दाणा सोलतो, आतला खातो, तूस टाकतो. माझ्या कणगीखाली रोज सकाळी तुसाचा ढीग असतो. इथे एक तरी तूस दाखवा. एक तरी लेंडी दाखवा." मग ते सरळ उभे राहिले. "पाच-सहा महिने आख्खा भात पुढ्यात हाय, त्याला तोंड लावला नाय, आन् बॉनेटात शिरून रबर खाल्ला. असला उंदीर मी जल्मात बघला नाय. तुमाला गावला असंल तर मला द्या. घरी नेऊन पाळतो. माझा भात तरी वाचंल."

शेजारच्या गाडीखाली झोपून काम करणारा मेकॅनिक हसला. त्याचे फक्त पाय हलताना दिसले. मॅनेजरही हसू आवरत बॉनेटपाशी गेले. आता मामांना कुणी अडवलं नाही. मेकॅनिक उठून आला, त्याने दिवा धरला आणि मामांनी ती तुटकी वायर अंगठ्याखाली घेतली. बैलाचे दात बघताना ते जसे श्वास रोखत, तसा रोखला. "हा कुरतडलेला नाय," ते सावकाश म्हणाले. "दात लागला तर कड खरबरीत होते, दोन-दोन खुणा दिसतात. हा गुळगुळीत हाय, एकाच बाजूने झिजलाय. खुंट्याला घासून घासून दावं असंच झिजतं." त्यांनी बोट पुढे नेलं. वायरच्या बरोबर समोर पत्र्याची एक कड होती, आणि तिथला रंग उडून पत्रा चकाकत होता. मेकॅनिकने दिवा आणखी आत घातला, क्षणभर बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, क्लिपच बसलेली नाहीये. लागलेलीच नव्हती वाटतं. वायर मोकळी होती, पत्र्यावर घासत होती."

मॅनेजरांनी स्वतः वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "काका, चुकलं. आम्ही आधी दाणे बघितले आणि मग वायर बघितली. हे वॉरंटीत जाईल, मी फोटो पाठवतो. पण तो तपासणीचा चार्ज सिस्टीममध्ये चढलाय, त्यावर सही आहे, तो कसा..."

मामांनी खिसे चाचपले. मला वाटलं, आता चष्मा घरी राहिला म्हणतील आणि मॅनेजरांना वाचायला लावतील. पण ते माझ्याकडे वळले. "कागद काढ. तू वाच."

मी कागद काढला. माझी सही ज्याच्याखाली होती ते वाक्य प्रथमच नीट बघितलं आणि मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. बिघाड वॉरंटीत बसत नसल्याचे आढळल्यास तपासणीचा आकार ग्राहकाकडून घेतला जाईल.

"आन् बसत असला तर?" मामांनी विचारलं.

मी मॅनेजरांकडे बघितलं. खरं तर तिथेच थांबलो असतो, पण शब्द बाहेर आले होते. "सर, बिघाड वॉरंटीत बसतो, हे तुम्ही आत्ताच म्हणालात. मग या वाक्याप्रमाणे मी काहीच देणं लागत नाही."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन त्यांनी त्या मॅडमना चार्ज रद्द करायला सांगितलं, आणि त्यांनीही तो रद्द केला, न चिडता. त्या मॅडम आणि ते मॅनेजर यांचे मी आजही मनापासून आभार मानतो; चूक कळल्यावर ती कबूल करणारी माणसं रोज भेटत नाहीत. आठवडाभरात नवी वायर बसून गाडी मिळाली, बाळंतपणाचे पैसे जिथे होते तिथे राहिले. गाडी आणायला मामा आले ते काकड्यांची पिशवी घेऊन. मॅडमना वाटलं, विकायला आलेत.

पण मला सांगायचंय ते त्या वादाच्या दिवसाचं. परतताना मामांना गावी पोचवायला मीही निघालो; एसटीऐवजी सीट भरून धावणाऱ्या वडापच्या जीपने आलो आणि मुरबाडच्या अलीकडे एका टपरीपाशी उतरलो. चहा पिऊन जाऊ, असं मामाच म्हणाले. चहा आला. त्यांनी ग्लास उचलला आणि तो एवढा हलला, की निम्मा चहा धोतरावर सांडला. मी घाबरलो.

"मामा, बरं वाटत नाही का?"

"बरा हाय रे. हे नेहमीचंच. खिडकीवरून आलो का तासभर हात थांबत नाय."

"नेहमीचं म्हणजे? माझ्या दाखल्याच्या वेळीही?"

"तवा तर लय. तुला पुढे धाडायचो आन् बिडीच्या निमित्ताने मागे रहायचो."

इतकी वर्षं मी समजत होतो की या माणसाला वाद घालायची हौसच आहे, आणि त्या हौसेपायी माझी मान चारचौघांत खाली जाते. मी म्हणालो, "एवढी भीती वाटते, तर जायचात कशाला?"

"मंग कोण जाणार होता? तुझी आय?" एवढंच म्हणाले. मग ग्लास बाकावर ठेवून त्याभोवती दोन्ही हात धरून बसले. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज कागद तू वाचलास, म्हणून हात जरा कमी हालतोय."

आता गुडघ्यांमुळे मामांचं येणं-जाणं कमी झालंय. माझ्या मुलीच्या दाखल्यासाठी, शाळेच्या, बँकेच्या कामासाठी खिडक्यांवर मी एकटा जातो. वाचतो, विचारतो, उद्या या म्हटलं तर बसतोही. लोकांना वाटतं, मास्तर हुशार आहे, याला कुणाची भीती नाही. परत येताना मी कुठल्या तरी टपरीवर थांबतो, चहा सांगतो आणि हात थांबायची वाट बघत बसतो. कचेरीच्या वाटेवरच्या कुठल्या कुठल्या वळणांवर मामा बिडीच्या निमित्ताने मागे राहिले होते, ते एकेक आठवायला लागतो. सगळी आठवत नाहीत. तेव्हा मी मागे वळून बघतच नव्हतो. हात शांत होतात, तोवर चहा गार झालेला असतो. मी तो तसाच पितो.